खाल्ल्या मिठाला जागावे



आमच्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसाला व्यासपीठावर उभे केले, की संप, टाळेबंदी, बोनस आणि महागाई भत्ता याच विषयांवर तो बोलणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज आम्ही जेवणावर बोलणार आहोत. तेही घरच्या जेवणावर नव्हे. प्रवासात, रस्त्याच्या कडेला, पैसे मोजून घेतलेल्या जेवणावर. पोटाचा प्रश्न हाच आमचा धंदा असल्यामुळे आम्ही आमची हद्द ओलांडलेली नाही, एवढे आपण मान्य कराल.

हा विषय निवडण्याचे कारण आपल्या दारातच आहे. पनवेलहून पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड असा महामार्ग धरा, नाहीतर वडखळला वळून अलिबाग, रेवदंडा, मुरूडकडे या. दर मैलाला एक खानावळ, ढाबा किंवा उपाहारगृह लागते. 15 मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट माणसे घेऊन येणारी बोट सुरू झाली. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा सुमारे 22 किलोमीटरचा सागरी पूल उघडला. मुंबईचा माणूस सकाळी निघून दुपारच्या जेवणाला आपल्याकडे पोचतो. एके काळी हा जिल्हा मुंबईला भात, भाजी, मासळी आणि मीठ पुरवीत असे. आता तो मुंबईला जेवायलाच वाढतो. तेव्हा हे ताट कोण शिजवतो, कोण वाढतो आणि त्याच्या पदरात काय पडते, हा विचार आपण करायचा नाही तर कोणी करायचा?

पूर्वीचा प्रवासी शिदोरी बांधून निघे. त्यामागे काटकसर होती, तशीच शिवाशिवही होती. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या पंगतीस बसावे, याची बंधने इतकी कडक होती की पैसे देऊनही वाटेत सर्वांना अन्न मिळत नसे. याच जिल्ह्यातील महाडला 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळभर पाणी प्याली. त्याआधी 1923 साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. कागदावर तळे खुले होते. ओंजळ मात्र बंद होती. त्या दिवशी पाणी पिऊन मंडपात परतलेल्या लोकांवर हल्ला झाला, जेवणाच्या तयारीत असलेल्यांचे अन्न मातीत मिसळले गेले. तळ्यावरचा हक्क न्यायालयात कायम व्हायला 1937 साल उजाडले. आपल्या राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही असे लिहिलेले आहे. घटनेसारख्या ग्रंथात उपाहारगृहाचा उल्लेख कशाला, असे एखाद्याला वाटेल. महाडच्या मंडपात मातीत मिसळलेले ते अन्न आठवा, म्हणजे कारण कळेल. आज आपण कोठल्याही हॉटेलात शिरतो, कोणी जात विचारीत नाही, शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे याची चौकशी करीत नाही. हे आपोआप झालेले नाही, त्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली आहेत.

दुसरा धागा खानावळीचा. मुंबईच्या गिरणीत राबणारा आपला कोकणातला चाकरमानी बायकामुलांना गावी ठेवून एका खोलीत दहा-पंधरा जणांत राही. त्याला दोन वेळचे जेवण घालणारी खानावळवाली बाई ही त्या गिरणगावाची खरी अन्नदात्री. पहाटे उठून चूल पेटवायची, पाळीप्रमाणे डबे भरायचे, आणि पैसे मात्र पगाराच्या दिवसापर्यंत थकलेले. वाण्याकडून माल उधारीवर, त्यावर सावकाराचे व्याज. या बायकांना कामगार म्हणायला कायदा तयार नव्हता आणि खरे बोलायचे तर आमची कामगार चळवळही फारशी उत्सुक नव्हती. कम्युनिस्ट चळवळीत वाढलेल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांची संघटना बांधली आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोचविले. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, गिरणगाव मोडकळीला आले, तेव्हा खानावळींची चूलही मंदावली. पण संघटनेने त्या बायकांना जे बळ दिले ते टिकले. हा धडा पुढे आपल्याला लागणार आहे.

तिसरा धागा उडुपी हॉटेलांचा. 1942 साली माटुंग्याला रामा नायक यांनी उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग उघडले. दक्षिण कानड्यातून आलेली पोरे दिवसा फडकी मारीत, कपबश्या विसळीत आणि रात्री रात्रशाळेत शिकत. त्यांतले काही पुढे मालक झाले. आपल्याकडील हमरस्त्यावर इडली-डोसा पोचला तो या वाटेने.

आता ज्या हॉटेलांबद्दल आज विशेष बोलायचे आहे, त्या साखळी हॉटेलांकडे वळू. एकाच नावाची, एकाच रंगाची, एकाच चवीची शेकडो दुकाने, त्यांना साखळी म्हणतात. अमेरिकेत ‘स्टेकहाउस’ नावाचा प्रकार आहे. स्टेक म्हणजे मांसाचा जाड काप, विस्तवावर भाजून सुरीकाट्याने खायचा. अशी हॉटेले तिकडे हमरस्त्यावर ठिकठिकाणी लागतात आणि लांबच्या प्रवासात गाडी थांबवून कुटुंबेच्या कुटुंबे तेथे जेवतात. त्यांतली ‘आउटबॅक’ नावाची प्रसिद्ध साखळी ऑस्ट्रेलियाचे नाव आणि सजावट घेऊन उभी आहे. पण ती निघाली 1988 साली, अमेरिकेतल्या फ्लोरिडा प्रांतात! हसू नका. आपल्या किनाऱ्यावर ‘अस्सल मालवणी’ अशी पाटी लावलेल्या हॉटेलाच्या मुदपाकखान्यात डोकावून पाहा. कढई हलविणारा गडी नेपाळचा किंवा ओडिशाचा असतो. त्यात त्या गड्याचा काही दोष नाही. तो चांगला स्वयंपाक करतो. पाटीवर नाव प्रांताचे, हात परमुलखाचा आणि नफा तिसऱ्याचा, ही पद्धत जगभर सारखीच आहे, एवढेच सांगायचे आहे.

आपल्या देशात मॅकडोनाल्डचे पहिले दुकान 1996 साली निघाले. टेबलातच शेगडी बसवून भाजलेले मांस, मासे, पनीर वाढणारी ‘बार्बेक्यू नेशन’ 2006 साली मुंबईत सुरू झाली. स्टेकहाउसची आपल्याकडची सर्वांत जवळची बहीण तीच म्हणावी लागेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आपल्याच खालापूर तालुक्यात फूड मॉल आहेत, तेथे या साखळ्या शेजारी शेजारी नांदतात.

लोक तेथे का जातात? आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. अनोळखी मुलखात ओळखीची पाटी दिसली की माणसाला हायसे वाटते. भाव आधी लिहिलेला असतो; परगावचा म्हणून कोणी जास्त घेत नाही. पदार्थ काल लागला तसाच आज लागतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट, स्वच्छ मोरी आणि स्वच्छ शौचकूप. पुरुषमंडळींना याची किंमत कळत नाही. एस.टी.ने सात-आठ तास प्रवास करणारी बाई सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही, कारण वाटेत कोठे जायचे हा प्रश्न असतो. ज्या हॉटेलाने तो प्रश्न सोडविला त्याच्याकडे ती वळली, तर तिला ‘परदेशी चवीच्या नादी लागली’ म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे. आपल्या गावठी हॉटेलवाल्यांनी साखळीला शिव्या देण्याआधी आपल्या मागच्या दाराकडे पाहावे.

परंतु ही एकसारखी चव येते कशी, हे कामगाराच्या नजरेने पाहण्यासारखे आहे. मध्यवर्ती ठिकाणी मसाला तयार होतो, तुकडे ठरलेल्या वजनाचे कापले जातात, गोठवून गाडीने येतात. किती मिनिटे तळायचे ते यंत्राची घंटी सांगते. म्हणजे आचाऱ्याच्या हातातली विद्या काढून कागदावर आणि यंत्रात भरली. गिरणीत मागावर जे घडले तेच येथे चुलीवर घडले. ज्या दिवशी विद्या हातातून कागदावर गेली, त्या दिवशी हात बदलणे सोपे झाले. आज हा गडी, उद्या तो, चव तीच. जुन्या खानावळीत आचारी रुसला तर मालकाचे धाबे दणाणत. साखळीत आचारी रुसला तर दुसऱ्या दिवशी नवा पोऱ्या टोपी घालून उभा असतो.

याच्या उलट आपली पोपटी पाहा. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या म्हणजे मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा, वर शेंगा, अंडी, कोंबडी रचायची, तोंड पाल्यानेच बंद करायचे, मडके शेतात उपडे घालून पेंढ्याचा जाळ करायचा. त्यात पाणी नाही, तेल नाही, घड्याळ नाही. मडक्यावर पाण्याचा थेंब टाकून तो कसा चुरचुरतो यावर जाणता माणूस ओळखतो की झाले. ही विद्या अजून कोणत्या कंपनीने कागदावर उतरविलेली नाही. पण तेवढ्यावर खूश होऊन चालणार नाही. पोपटी लावणाऱ्या पोरालाही वर्षाचे बारा महिने पोट आहे, आणि तो उरलेले दहा महिने कोठे तरी टेबल पुसतो.

त्या टेबल पुसणाऱ्याचा दिवस कसा असतो? सकाळी अकरा ते चार, मग ‘सुट्टी’, पुन्हा सात ते रात्री बारा. काम भरले दहा तास, पण माणूस अडकला तेरा तास. मधल्या तीन तासांत ना घरी जाता येते, ना दुसरे काही करता येते. 1948 च्या मुंबई दुकाने व संस्था कायद्याने उपाहारगृहांना आपल्या छत्राखाली घेतले होते, आणि एक नोकर असलेली खानावळही त्यात येत असे. 2017 साली त्याच्या जागी महाराष्ट्राचा नवा कायदा आला. त्यात दिवसाचे काम 9 तास आणि सगळा पसारा साधारणपणे साडेदहा तासांचा ठरविला होता. पण तो लागू होता 10 किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांना. सप्टेंबर 2025 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने ही मर्यादा 20 कामगारांवर आणि दिवसाचे काम 10 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. धंदा सुलभ व्हावा, हे कारण सांगितले जाते. आम्ही एवढेच विचारतो, की आपल्या किनाऱ्यावरच्या किती हॉटेलांत वीस माणसे कामाला असतात? छत्री मोठी केली असे म्हणायचे आणि उंच माणसांनाच तिच्याखाली घ्यायचे, असा हा प्रकार आहे. किमान वेतनाचा हक्क मात्र माणसांच्या संख्येवर अवलंबून नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहितेने घेतली असली, तरी सातच गडी असलेल्या ढाब्यावरही तो हक्क आहे. हे त्या सात गड्यांना कोणी तरी सांगितले पाहिजे.

आता बक्षिसीची गोष्ट. जेवण झाले, बडीशेप तोंडात टाकली, उरलेली चिल्लर बशीत ठेवली, की आपल्याला दातृत्वाचे समाधान मिळते. अमेरिकेत या चिल्लरीने कायद्यात जागा मिळविली आहे. तेथे बक्षिसी मिळणाऱ्या वाढप्यास मालकाने द्यावयाचे संघराज्याचे किमान वेतन तासाला 2 डॉलर 13 सेंट एवढेच आहे, आणि तो आकडा 1991 पासून हललेला नाही. बाकीचे गिऱ्हाइकाने भरून काढायचे. ते कमी पडले तर मालकाने भर घालावी असे कायदा म्हणतो, पण रोज रात्री हिशेब मागण्याची हिंमत वाढप्याला झाली पाहिजे. काही प्रांतांनी याहून चांगले कायदे केले आहेत. ज्यांनी केले नाहीत तेथे स्टेकहाउसातल्या वाढप्याचा पगार गिऱ्हाइकाच्या मर्जीवर चालतो. पगार हा हक्क असतो, बक्षिसी ही मेहेरबानी असते. मेहेरबानीवर संसार चालवावा लागला की माणसाला हसू येत नसतानाही हसावे लागते.

आपल्याकडे दुसरी युक्ती निघाली. बिलातच ‘सेवा आकार’ लावायचा. 4 जुलै 2022 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितले, की हा आकार हॉटेलाने आपोआप बिलात घालता कामा नये. देणे न देणे गिऱ्हाइकाच्या खुशीचे आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी या सूचना उचलून धरल्या. गेल्या काही वर्षांत संघटनेच्या कामानिमित्त चार-पाच जण मिळून प्रवास करताना आम्ही अशा एका साखळी हॉटेलात जेवलो. बिलात हा आकार होता. वाढणाऱ्या मुलाला आम्ही विचारले, ‘बाळा, हे पैसे तुला पोचतात का?’ त्याने उत्तर दिले नाही, काउंटरकडे पाहिले. आम्ही व्यवस्थापकाला विचारले तेव्हा ‘ते कर्मचारी कल्याणासाठी जातात’ असे उत्तर मिळाले. कोणते कल्याण, कोणी ठरविले, कर्मचाऱ्यांपैकी कोणाला विचारले, याला उत्तर नव्हते. हॉटेलाचे नाव घेण्याचे कारण नाही. वाढप्याच्या नावावर गोळा केलेल्या पैशाचा हिशेब वाढप्याला मागता येत नाही, ही रीत एका हॉटेलापुरती नाही.

साखळीवर एवढे बोललो, म्हणून छोटा हॉटेलवाला सोवळा ठरत नाही. चहाच्या टपरीवर आणि ढाब्यावर ‘ए पोऱ्या’ अशी हाक आपण पिढ्यान्‌पिढ्या मारली. 14 वर्षांखालील मुलांना ढाबे, हॉटेले आणि चहाची दुकाने यांत ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी झाली आणि 2016 च्या दुरुस्तीने ती जवळजवळ सर्वच कामांना लागू केली. हा कायदा साखळीने पाळला, टपरीने पुष्कळदा चुकविला. मालक गावचा, ओळखीचा, नात्यातला असला की गड्याला पगार मागण्याची लाज वाटते. ‘घरच्यासारखा राहतो’ या शब्दांखाली किती उचल, किती उधारी आणि किती साप्ताहिक सुट्ट्या गाडल्या गेल्या आहेत याची मोजदाद नाही. आणि समुद्रकाठच्या गावांत घरोघर पर्यटकांसाठी जेवण रांधणारी आपली आई-बहीण? शनिवार-रविवारी पहाटेपासून मासे साफ करणे, तांदळाच्या भाकऱ्या थापणे, खोल्या झाडणे हे सर्व ती करते. धंदा घरधन्याच्या नावावर, पैसा त्याच्या हातात. ती ना मालक, ना मजूर. 1975 पूर्वीची खानावळवाली बाई गिरणगाव सोडून आपल्या वाडीत येऊन बसली आहे, असे आम्हांला पुष्कळदा वाटते.

मग साखळी वाईट की खानावळ? हा प्रश्नच आम्ही बाजूला ठेवतो. मालक लहान की मोठा, यावरून गड्याचे पोट भरत नाही. मोठ्या मालकाकडे एक सोय मात्र असते. तो सर्वत्र सारखा असतो, म्हणून त्याच्याशी सर्वत्र एकदम बोलता येते. 29 नोव्हेंबर 2012 रोजी न्यूयॉर्कमधील झटपट खाण्याच्या दुकानांतले काही कामगार काम सोडून रस्त्यावर आले आणि तासाला 15 डॉलर व संघटनेचा हक्क मागू लागले. लोक त्यांना हसले. 1 एप्रिल 2024 पासून कॅलिफोर्नियात देशभर 60 किंवा अधिक दुकाने असलेल्या अशा साखळ्यांना तासाला किमान 20 डॉलर द्यावे लागू लागले. साखळीने चव सारखी केली. कामगारांनी सांगितले, आता पगारही सारखा करा. ज्या विद्येने आचाऱ्याचा हात दुबळा केला, तिच्यातूनच त्याला शेकडो सोबती मिळाले. हे आपल्या फूड मॉलमधील मुलांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आणि परदेशात कशाला जायचे? येथून हाकेच्या अंतरावर चरी आहे. 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथल्या खोतांच्या कुळांनी जमीन कसायची नाही असे ठरविले आणि तो संप 1939 पर्यंत चालला. सहा वर्षे! शेतात भात नाही, घरात दाणा नाही, तरी माणसे एकमेकांना धरून राहिली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज हॉटेलांत टेबले लावीत आहेत. त्यांना संघटना ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

आम्हांला तीन गोष्टी सुचवायच्या आहेत. पहिली हॉटेल कामगारांसाठी. वीस माणसांच्या आतल्या हॉटेलांतल्या गड्यांनी एकेका हॉटेलाची संघटना करण्याच्या फंदात पडू नये; ती सात जणांची होईल आणि सात दिवसांत मोडेल. तालुक्याच्या ठिकाणी सर्वांची मिळून एक करावी. दुसरी घरगुती खानावळ चालविणाऱ्या भगिनींसाठी. अन्नपूर्णेचा कित्ता गिरवून गावागावांत आपली मंडळे करावीत. जेवणाचा भाव सर्वांनी मिळून ठरवावा, म्हणजे पर्यटक एका दारातून दुसऱ्या दारात घासाघीस करीत फिरणार नाही. खाते स्वतःच्या नावे असावे. आणि आठवड्यातून एक दिवस चूल बंद असावी. तिसरी आपण सर्व श्रोत्यांसाठी. हॉटेलात शिरल्यावर आपण भाताची परीक्षा शितावरून करतो. हॉटेलाची परीक्षा वाढप्यावरून करावी. तो कधी जेवतो, बसून जेवतो की उभ्याने, आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी घेतो, हे सहज विचारावे. सेवा आकार बिलात दिसला तर तो काढायला सांगावा आणि बक्षिसी द्यायची असेल तर त्याच्या हातात द्यावी. ‘ए पोऱ्या’ म्हणू नये; त्याला नाव असते.

हा मिठागरांचा मुलूख आहे. आगर म्हणजे मिठाचे शेत, आणि आपल्या आगरी समाजाचे नावच त्या शब्दावरून आले. पेण-उरणच्या खाड्यांवर बाप-आजांनी गुडघाभर चिखलात उभे राहून मीठ पिकविले. खाल्ल्या मिठाला जागावे, ही म्हण आजवर नेहमी नोकराला ऐकविली गेली. मालकाचे मीठ खाल्लेस, आता मालकाशी इमान राख. आम्ही ती उलटी वाचतो. मीठ पिकविणारा, मासा धरणारा, भाकरी थापणारा आणि ताट वाढणारा, या सर्वांचे मीठ जेवणाराने खाल्लेले असते. इमान राखण्याची पाळी जेवणाराची आहे.